चार पोस्टकार्डांवरची गाडी

तुम्ही सेकंड हँड पोलो जीटी घेतलीय. घरातली पहिलीच गाडी. आईने नारळ फोडलाय, चारही चाकांखाली लिंबं ठेवून झालीत, बॉनेटवरचं कुंकू अजून पूर्ण पुसलं गेलेलं नाही. रीलही पडलीय आणि तिच्यावर मित्रांच्या आगीच्या इमोजींचा पाऊस झालाय. पंधरा दिवसांनी अलायमेंटला जाता, तर तिथला दादा खाली वाकून चाक बघतो आणि म्हणतो, "टायर गेलेत तुझे. चारही बदल."

पोटात गोळा येतो. चार टायर म्हणजे ब्रँडनुसार वीस-पंचवीस हजार सहज. डाउन पेमेंटमध्ये सेव्हिंग संपलेलं. त्यात बाबांचं "एवढी जुनी गाडी घ्यायची काय गरज होती?" रोज एकदा ऐकून झालेलं. मग डोक्यात तीन विचार येतात. एक, मिळतील तेवढे स्वस्त टाकू. दोन, दोनच टाकू, दोन पुढच्या वर्षी. आणि तिसरा, जो बावीस-तेवीसच्या वयात जरा जास्तच जोरात येतो: खर्च होणारच आहे तर जाड टायर टाकू ना! गाडी भारी दिसेल.

आपल्याकडे गंमत बघा. चाकाखाली लिंबू ठेवायला कोणी विसरत नाही. चाकावर काय लिहिलंय, ते मात्र कोणी वाचत नाही. आज तेच वाचू.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. चिखलोलीच्या रस्त्यावर खरीखुरी टू-सीटर स्पोर्ट्स कार दिसली तर लोक रिक्षा थांबवून फोटो काढतील. अंबरनाथ-बदलापूरच्या पोरांची स्पोर्ट्स कार म्हणजे हलकी, जोरदार हॅचबॅक. पोलो जीटी टीएसआय हे त्यातलं लाडकं नाव. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या चाकणला बनलेली, २०१३ मध्ये आलेली, १.२ लिटरच्या टर्बो इंजिनातून १०५ पीएस काढणारी. भारतात पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. म्हणजे आता जी पोलो तुम्ही घ्याल ती वापरलेलीच असणार, आणि तिच्या अंगावरचे टायर आधीच्या मालकाच्या आवडीचे किंवा कंजुषीचे असणार. दुसरी लाडकी म्हणजे स्विफ्ट. २०१८ ची स्विफ्ट तर ९०० किलोंच्या आसपासची, पिसासारखीच म्हणायची. पुढचं सगळं या दोघींना आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक हलक्या गाडीला लागू आहे.

आता कागद-पेन घ्या. गणित आठवीचं आहे.

पोलोचं वजन साधारण ११०० किलो. चार चाकांवर सारखं वाटलं तर एका चाकावर २७५. (खरं तर इंजिनामुळे पुढे जास्त पडतं, पण आत्तापुरतं चालेल.) टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. २७५ भागिले सव्वादोन. उत्तर येतं १२२ चौरस सेंटिमीटर. टायर रस्त्याला टेकतो तो एवढाच तुकडा. पोस्टाचं कार्ड असतं ना, आजोबांच्या ट्रंकेत सापडेल, ते १४ बाय ९ सेंटिमीटरचं. म्हणजे १२६. तुमची गाडी, तुम्ही, मागे बसलेले तीन मित्र आणि डिकीतला ढोकळा, सगळं मिळून चार पोस्टकार्डांवर चाललंय. ब्रेक लावला तरी तीच चार, वळण घेतलं तरी तीच चार.

आता या गणितात टायरची रुंदी कुठे आली? आलीच नाही! वजन आणि हवा, बस. इथेच जाड टायरवाल्यांची पहिली विकेट पडते. गणित ढोबळ आहे, टायरच्या कडकपणाने उत्तर थोडं इकडेतिकडे होतं, पण मुद्दा खरा आहे. रुंद टायर टाकला म्हणून पोस्टकार्ड फारसं मोठं होत नाही. ते आडवं होतं. लांबीला कमी, रुंदीला जास्त. कोरड्या रस्त्यावर वळणात याचा फायदा होतो, नाही असं नाही. रेसवाले मूर्ख नाहीत. पण पाण्यात उलटं होतं. रुंद आणि आखूड तुकड्याला समोरचं जास्त पाणी बाजूला सारायचं असतं आणि ते सारायला वेळ कमी मिळतो. पाणी बाजूला झालं नाही तर टायर त्याच्यावर चढतो आणि गाडी तरंगते. स्टीअरिंग एकदम हलकं लागतं. ब्रेक दाबला तरी काही होत नाही. जड एसयूव्हीपेक्षा हलक्या गाडीला जाड टायर म्हणूनच जास्त नडतात, कारण त्या रुंदीला खाली दाबून ठेवेल एवढं वजनच तिच्यात नसतं.

जगातल्या गाजलेल्या हलक्या स्पोर्ट्स कारचे टायर किती जाड असतील? १९८९ मध्ये माझदाची एमएक्स-५ आली. टनाच्या आतली, दोन सीटची, छत उघडणारी, जगभरात लोक जिच्यावर जीव टाकतात ती. तिचे टायर १८५ मिलिमीटरचे होते. हो, तुमच्या पोलो जीटीएवढेच. १९९६ ची लोटस एलिस सव्वासातशे किलोंच्या आसपास, तिला पुढे १८५ आणि मागे २०५. आणि २०१२ मधल्या टोयोटा जीटी८६ ची गोष्ट तर भन्नाट आहे. या स्पोर्ट्स कारला टोयोटाने मुद्दाम त्याच जातीचे टायर दिले जे त्यांच्या प्रियस या हायब्रिड फॅमिली कारला मिळायचे. गाडी हलकी आहे, पकड थोडी कमी असली तरी चालेल, पण चालवणाऱ्याला रस्ता हातात कळला पाहिजे, असा विचार. तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणी तुमच्या १८५ ला "सायकलचे टायर" म्हणालं तर त्याला ही यादी ऐकवा.

नावातच चिखल

आपण राहतो कुठे, हा टायर निवडताना पहिला प्रश्न असला पाहिजे. आपल्या गावाच्या नावातच चिखल आहे, धरण आहे, डोंगर मागेच आहेत. जून ते सप्टेंबर आभाळ फाटतं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती, ते दृश्य अख्ख्या देशाने पाहिलं. रेल्वेगाडीची ही गत, तर अकराशे किलोच्या गाडीने किती उड्या माराव्यात? बरं, पुरातून गाडी घालायचीच नाही, त्यावर टायरचा इलाज नाही. प्रश्न रोजच्या पावसाचा आहे. काटई-कर्जत रस्त्यावर कडेने साचलेली पाण्याची पट्टी, बारवी धरणाकडे जाताना वळणावर आलेली माती, माळशेजात धुक्यात ओला डांबरी. तिथे ती चार पोस्टकार्डं काय करतात?

पुन्हा थोडं गणित. ताशी ८० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला आणि रस्त्याशी पकड ०.७ असेल, तर गाडी थांबायला सुमारे ३६ मीटर लागतात. पकड घसरून ०.४ वर आली तर ६३ मीटर. फरक २७ मीटरचा. लोकलचा एक अख्खा डबा बसून वर जागा उरते. पहिली गाडी जिथे थांबली असती तिथे दुसरी अजून चांगल्या वेगात असते, आणि मध्ये कोण उभं आहे यावर पुढचं सगळं अवलंबून.

म्हणून आपल्याकडे टायर घेताना "ओल्यात कसा आहे?" हे आधी विचारायचं. "किती किलोमीटर चालेल?" नंतर. दुकानात नेमकं उलटं होतं. आपली मध्यमवर्गीय जीभ सवयीने आधी आयुष्य विचारते, आणि दुकानदारही "साठ हजार आरामात" सांगून टायर खाली उतरवतो. बरेचदा जास्त टिकणारं रबर कडक असतं आणि ओल्या रस्त्यावर मऊ रबर जास्त चिकटतं. दोन्ही थोडंथोडं देणारे चांगले टायर असतात, सिलिका घातलेलं रबर त्यासाठीच आलं, पण त्याचे पैसे लागतात. काही टायरच्या बाजूवर ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेंपरेचर असे तीन शेरे छापलेले असतात. ट्रेडवेअरचा आकडा मोठा म्हणजे टायर हळू झिजणार. ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारल्यावरची पकड: एए सगळ्यात वर, मग ए, बी, सी. मोठा आकडा बघून खूश होण्याआधी हे अक्षर बघा. सरकारनेही २०२२ मध्ये ओल्यातली पकड, रस्त्यावरचा रोध आणि आवाज या तिन्हींसाठी टायरना किमान निकष लावले. किमान म्हणजे पास. डिस्टिंक्शन कोणाला, ते तुम्हालाच शोधायचंय.

नक्षीचं पण तसंच. नव्या टायरची नक्षी साधारण सात-आठ मिलिमीटर खोल. कायद्याने कारसाठी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. खाचांच्या तळाशी आडव्या छोट्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात, रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला. पण पाणी बाहेर फेकायचं काम त्याच्या खूप आधी ढेपाळतं. पावसाळ्याच्या तोंडावर तीन मिलिमीटर उरली असेल तर "दिवाळीपर्यंत काढू" हा विचार सोडा. दिवाळी पावसाळ्यानंतर येते.

आकडे वाचायला शिका

गाडीपाशी जा आणि टायरच्या बाजूला बघा. जीटी टीएसआयच्या जुन्या मॉडेलवर १८५/६० आर १५ असं माप दिसेल आणि पुढे ८४ एच किंवा असंच काही. १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. १५ इंचांचं रिम. ८४ हा वजनाचा कोड: एक टायर ५०० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा. (टी असेल तर १९०, व्ही असेल तर २४०. तुम्ही एवढं पळवणार नाही आहात. पण वरचा कोड म्हणजे टायर उष्णता जास्त सोसतो, म्हणून मूळ कोडच्या खाली जायचं नाही. वजनाच्या कोडच्या तर अजिबातच नाही.)

आता हौस असेलच तर थोडं वर जाता येतं. चाकाचा एकूण व्यास मूळच्या जवळ राहिला पाहिजे, तीन टक्क्यांपलीकडे फरक नको. आपलं मूळ चाक ६०३ मिलिमीटरचं. १९५/५५ आर १५ टाकलं तर होतं ५९५.५. चालेल. १९५/६० आर १५ टाकलं तर ६१५, दोन टक्के जास्त. खड्ड्यांसाठी भिंत जाड मिळते, पण चाक मडगार्डला आत कुठे घासत नाही ना, ते स्टीअरिंग पूर्ण वळवून बघायचं. आणि इन्स्टावाली फर्माईश म्हणजे १६ इंची अलॉयवर २०५/४५. व्यास ५९१, गणितात बसतो. दिसतंही कडक. पण भिंत उरते फक्त ९२ मिलिमीटर. १११ मधून जवळपास दोन सेंटिमीटर गेले, आणि खड्ड्याचा धक्का खाणारी गादी हीच होती. काटई रस्त्यावर पावसात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे आत गेल्यावरच कळतं. पातळ भिंतीचा टायर रिम आणि खड्ड्याची धार यांच्यात चिमटतो, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा आलेला दिसतो. फुगा आला की टायर बाद. पंक्चरवाला त्याला काही करू शकत नाही, आणि "चालतंय अजून" म्हणून एक्स्प्रेस वेवर नेणं म्हणजे खिशात सुतळी बॉम्ब घेऊन फिरणं.

शिवाय मोठं रिम आणि जाड टायर बहुतेकदा जड असतात. हलक्या गाडीची मजा चाक हलकं असण्यात आहे. प्रत्येक चाकाला दोन-तीन किलो लावलेत की पिकअप, मायलेज आणि स्टीअरिंगची चपळाई तिन्ही थोडी थोडी गळतात. माझं मत विचाराल तर मूळ मापच ठेवा आणि रिमवर जाणारे पैसे चांगल्या रबरावर घाला. आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच अधोरेखित केलं. टायर फेंडरच्या बाहेर काढून फिरणाऱ्यांनी हे वाचलं नसावं.

मापाशिवाय आणखी एक आकडा शोधा, डीओटी या अक्षरांच्या ओळीतला शेवटचा चार अंकी. ३५२३ असेल तर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात टायर बनला. ही त्याची जन्मतारीख. दुकानदार लेबल नवं लावू शकतो, ही तारीख नाही. नुसतं ठेवूनही रबर कडक होत जातं. अनेक टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी वापरू नका, असं सांगतात. सेकंड हँड गाडीत हा घोळ हमखास असतो. मालक म्हणतो, "टायर नवीनच आहेत, गाडी फिरलीच नाही." फिरली नाही खरं, पण वर्षं तर फिरली. "जरा तारीख दाखवा ना काका" म्हणायला लाजायचं नाही, दूध घेताना आपण बघतोच.

आणि ते सेकंड हँड टायर? रस्त्याकडेला काळे चकचकीत रचून ठेवलेले? काही बरे असतात, काहींच्या झिजलेल्या नक्षीत पुन्हा खाचा कोरलेल्या असतात आणि वर पॉलिश मारलेलं असतं. आधीच पातळ रबर आणखी कापलेलं. रिमोल्ड म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेले टायर ट्रकच्या दुनियेत नीट करून वापरतात, पण वेगात चालणाऱ्या छोट्या कारला मी तरी सुचवणार नाही. बजेट कमी असेल तर साध्या ब्रँडचा, पण नवा आणि ताज्या तारखेचा टायर घ्या.

ब्रँडवरून आठवलं, आपल्या अंबरनाथ एमआयडीसीतच सिएटचा टायर कारखाना आहे, हे किती जणांना माहितीये? पण तिथले टायर तुमच्या पोलोला लागायचे नाहीत, ते ट्रॅक्टर आणि शेती-बांधकामाच्या यंत्रांचे. सिएटचा मुंबईतला जुना कारखाना भांडुपला, आणि कंपनीचं मूळ थेट इटलीतल्या तोरिनोमध्ये, १९२४ मधलं. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला, गुडइयरचा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला. म्हणजे टायर "इंपोर्टेड" आहे असं कोणी सांगून जास्त पैसे मागितले तर बाजूवर कुठे बनला ते वाचा. कदाचित तो तुमच्याआधी पुण्यात राहून आला असेल.

आता दोनच टायर परवडतायत, त्यांचं काय? परवडत नसेल तर दोन घ्या, त्यात लाज नाही. पण एका अ‍ॅक्सलवर दोन्ही सारखे. आणि ते लावायचे मागे. इथे तुमचं दुकानदाराशी भांडण होणार, आधीच सांगून ठेवते. तो म्हणेल, पोलो काय, स्विफ्ट काय, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, मग नवे पुढेच हवेत. ऐकायला बरोबर वाटतं. पण पाण्यात पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, अ‍ॅक्सिलरेटर सोडलात की बरेचदा सावरते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि तेव्हा नव्या ड्रायव्हरच्या हातात काही उरत नाही. मोठ्या टायर कंपन्याही म्हणूनच नवी जोडी मागे लावायला सांगतात. दुकानात ठाम राहा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल किंवा बाहेरची बाजू कुठली ते लिहिलेलं असेल तर तेही लावताना स्वतः बघा, गर्दीच्या दिवशी उलटं लागू शकतं. व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग आणि अलायमेंट त्याच बैठकीत.

हवेचं शेवटी सांगतेय, पण फुकटात मिळणारी सुरक्षा हीच आहे. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीने आकडा दिलेला असतो, तोच भरायचा, टायर थंड असताना. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायचे तर द्या, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. "उन्हाळा आहे, हवा कमी ठेवा, फुटेल" हा सल्ला तर कानाबाहेर ठेवा. हवा कमी असली की बाजूची भिंत जास्त वाकते, वाकून वाकून तापते आणि तापूनच फुटते. आता समृद्धीचं टोक भिवंडीजवळ आमणेला येऊन टेकलंय, म्हणजे सरळ सिमेंटचा रस्ता आणि ताशी १२० आपल्या दाराशी आलेत. त्या रस्त्यावर टायर फुटण्याचा प्रश्न इतका गंभीर झाला होता की २०२३ मध्ये परिवहन विभागाला गाड्यांचे टायर तपासायला माणसं उभी करावी लागली. तिथे पहिल्याच वीकेंडला नवे टायर घेऊन धावू नका. नव्या टायरवर साच्यातून निघतानाचा गुळगुळीत थर असतो, पहिले दोन-चारशे किलोमीटर जरा बेताने चालवले की तो जातो. बदलापूर ते कर्जत आणि परत, दोन-तीन रविवार. भजी मिळतात वाटेत.

आणि हो, डिकी उघडा. गालिचा वर करा. तिथे पाचवा टायर आहे, स्टेपनी. (हा शब्द आपला वाटतो, पण तो वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जादा चाकं बनायची. इंग्रज तो शब्द विसरले, आपण अजून वापरतोय.) आधीच्या मालकाने तिला बहुतेक कधीच हात लावलेला नसणार. तिची तारीख वाचा, आणि जॅक-पाना आहे का तेही आत्ताच बघून घ्या.